अक्षर, अंक आणि आषाढ

विदर्भ वगळता महाराष्ट्रातील शाळांचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते, आणि जुलै उजाडेपर्यंत पहिलीच्या वर्गातील मूल शाळेच्या दाराशी आईचा हात सोडताना रडण्याचे दिवस मागे टाकून आपली जागा, आपले दप्तर आणि आपल्या बाई यांना सरावलेले असते. छत्रपती संभाजीनगर शहरातील महानगरपालिकेच्या शाळा असोत, खासगी संस्थांच्या मराठी, उर्दू किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळा असोत, की कन्नड, सिल्लोड, पैठण या तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळा असोत, या महिन्यात पालकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो : महिना होत आला, तरी मुलाच्या वहीत काही दिसत का नाही? वहीत चार उभ्या रेघा, काही गोल, एखादे रंगवलेले चित्र आणि फार तर पाच-सहा अक्षरे असतात, आणि तेवढ्यावरून शाळेत अजून शिकवायला सुरुवातच झालेली नाही असा समज होतो. प्रत्यक्षात शालेय जीवनातील सर्वांत अवघड बौद्धिक काम याच आठवड्यांत चाललेले असते. ते मुलाच्या कानात, डोळ्यांत आणि बोटांत घडत असल्यामुळे वहीत उमटायला वेळ लागतो.

चौकट : पायाभूत स्तर आणि त्याची उद्दिष्टे

पहिलीचे आजचे स्वरूप समजण्यासाठी २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून सुरुवात करावी लागते. या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र बांधला. त्यात अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन वर्षे येतात. म्हणजे पहिली ही शिक्षणाची पहिली पायरी उरली नसून पाच वर्षांच्या एका सलग टप्प्यातील चौथे वर्ष ठरली. ऑक्टोबर २०२२मध्ये या स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्याने शिकवण्याचा एक क्रम सुचवला : आधी प्रत्यक्ष अनुभव, मग त्याविषयीचे बोलणे, मग चित्र आणि सर्वांत शेवटी चिन्ह. अक्षर आणि अंक ही दोन्ही चिन्हेच असल्याने ती या क्रमात अखेरीस येतात, आणि जुलैतली वही कोरी का दिसते याचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

उरलेले निम्मे उत्तर 'विद्याप्रवेश' या कार्यक्रमात आहे. पहिलीत येणारी सगळी मुले अंगणवाडीचा मोठा गट नीट पूर्ण करून आलेली नसतात. काहींचे आईवडील कामासाठी गाव सोडून जातात, काही मुले थेट घरातून वर्गात येतात. ही दरी भरून काढण्यासाठी जुलै २०२१मध्ये राष्ट्रीय पातळीवर तीन महिन्यांचा हा खेळाधारित पूर्वतयारी कार्यक्रम आखण्यात आला. महाराष्ट्रात त्याच्याही आधी, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, 'शाळापूर्व तयारी मेळावा' भरवला जातो. त्यात वेगवेगळ्या टेबलांवर मुलाची शारीरिक, बौद्धिक, भावनिक, भाषिक आणि गणनपूर्व तयारी खेळातून पाहिली जाते आणि घरी काय करून घ्यावे हे आईला समजावून सांगितले जाते.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने पहिलीच्या अखेरीस गाठायची उद्दिष्टेही स्पष्ट केली आहेत : मुलाने पूर्वी न पाहिलेल्या मजकुरातील चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचावीत, ९९पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात, आणि सोपी बेरीज-वजाबाकी करावी. यातील 'पूर्वी न पाहिलेल्या' ही अट महत्त्वाची आहे. पाठ झालेला धडा बोट फिरवत म्हणून दाखवणे हे वाचन नव्हे. नवा शब्द स्वतः उलगडता येणे हे वाचन होय. ही उद्दिष्टे वर्षाअखेरची आहेत, जुलैची नाहीत, हे पालकांनी ध्यानात ठेवले तर बरीच चिंता हलकी होते.

राज्यात मुलांच्या हाती येणारी पुस्तके पुण्याची 'बालभारती' तयार करते. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या या पाठ्यपुस्तक मंडळाने नव्या धोरणानुसार पहिलीची नवी पुस्तके २०२५-२६ या वर्षापासून आणली. मराठी माध्यमाच्या पहिलीत मराठी आणि गणिताबरोबर इंग्रजीही असते. ती २०००पासून पहिलीत आली. २०२५मध्ये तिसरी भाषा म्हणून हिंदी पहिलीपासून आणण्याचा शासननिर्णय निघाला, त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला, आणि जूनअखेरीस तो मागे घेऊन हा विषय डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे सोपवण्यात आला. सहा वर्षांच्या मुलावर एकाच वेळी किती लिप्यांचा आणि किती भाषांचा भार टाकावा, हा त्या वादातील शैक्षणिक गाभा होता.

ध्वनीपासून अक्षरापर्यंत

मूल पहिलीत येते तेव्हा त्याला मराठी बोलता येत असते, हजारो शब्द कळत असतात, वाक्यरचना पक्की झालेली असते. परंतु शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला असतो याची त्याला जाणीव नसते. 'पाऊस' म्हटले की त्याला आभाळातून पडणारे पाणी दिसते. त्या शब्दाच्या सुरुवातीला 'पा' ऐकू येतो आणि तोच 'पा' 'पाटी'तही असतो, हे त्याच्या लक्षात आणून द्यावे लागते. शब्दातील ध्वनी वेगळे करून ऐकण्याच्या या क्षमतेला ध्वनिजाणीव म्हणतात, आणि वाचन पुढे किती सहज येईल हे बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते. म्हणून जुलैतल्या वर्गात बाई मुलांना 'पा-ऊ-स' असे म्हणत तीन टाळ्या वाजवायला लावतात, 'म'ने सुरू होणारी नावे शोधायला सांगतात, किंवा 'काका, काम, पाणी, कान' यातील वेगळा शब्द ओळखायला सांगतात. वर्गाबाहेरून पाहणाऱ्याला हा नुसता खेळ वाटतो, पण अक्षरओळखीचा पाया याच टाळ्यांत घातला जात असतो.

देवनागरी ही अक्षरलिपी आहे, म्हणजे तिच्यातील एकेक चिन्ह बहुधा व्यंजन आणि स्वर मिळून झालेला पूर्ण उच्चार दाखवते. 'क' लिहिले की त्यात 'अ' आलाच. हे मुलांच्या दृष्टीने सोयीचे आहे, कारण शब्दाचे असे तुकडे त्यांच्या कानाला सहज पकडता येतात. अडचण येते ती काना, मात्रा, वेलांटी आणि उकार जोडले जातात तेव्हा. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी काढावी लागते, उच्चारात मात्र 'इ' नंतर येते. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या डोळ्यांना हा उलटा क्रम बुचकळ्यात टाकतो. मराठीत 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत, पण त्यांना चिन्ह एकच आहे : 'चार' मधला 'च' आणि 'चाक' मधला 'च' कानाला वेगळे असूनही डोळ्यांना सारखेच दिसतात. शब्दाच्या शेवटचा 'अ' लिपीत असतो, उच्चारात गळतो. म्हणून 'क', 'म', 'ल' अशी सुटी अक्षरे ताणून वाचणाऱ्या मुलाला त्यांचा 'कमल' हा ओळखीचा शब्द झाला आहे हे लगेच उमगत नाही, आणि उमगते त्या क्षणी त्याचा चेहरा खुलतो.

परंपरेने मुळाक्षरे 'अ, आ, इ, ई' या क्रमाने, मग 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत आणि त्यानंतर बाराखडी अशी शिकवली जात. हा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने अतिशय नेटका आहे, कारण घशापासून ओठांपर्यंत ध्वनी कुठे निर्माण होतात त्याप्रमाणे त्याची मांडणी झालेली आहे; पण वाचायला शिकणाऱ्या मुलाला या क्रमाने अर्थपूर्ण शब्दापर्यंत पोहोचायला फार दिवस लागतात. म्हणून अक्षरगटांची पद्धत पुढे आली, आणि फलटण येथे डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनशिक्षणात केलेल्या कामातून तिला मोठे बळ मिळाले. या पद्धतीत वारंवार लागणारी थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह एकत्र शिकवतात. न, क, म, र, ल ही पाच अक्षरे आणि काना एवढ्या सामग्रीतून नाक, कान, काका, मामा, नाना, राम, माल, कमल असे शब्द तयार होतात आणि 'रमा काम कर' असे पूर्ण वाक्यही वाचता येते. पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच आपण वाचू शकतो हा अनुभव मुलाला मिळणे, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे देणे आहे.

हात, डोळा आणि वळण

लेखन हे बुद्धीइतकेच हाताचे काम आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात; जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या, म्हणजे मऊ लवचीक ऊतीच्या, रूपात असतात आणि वर्षागणिक एकेक करून कठीण होत जातात. पहिलीच्या वयापर्यंत त्यातील बहुतेक हाडे तयार झालेली असली तरी वाटाण्याएवढे शेवटचे हाड साधारण नऊ ते बारा या वयात घडते. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने अनुलेखन करून घेतले तर त्याची बोटे दुखतात, पेन्सिल मुठीत आवळली जाते आणि अक्षर बिघडते. मातीचे गोळे वळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, हवेत आणि वाळूत अक्षर गिरवणे ही या महिन्यातील कामे म्हणजे अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीला दिलेली तालीमच असते. जुन्या काळी धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवत, त्यामागेही हेच शहाणपण होते.

डोळ्यांच्या बाबतीत निसर्गाने वेगळाच पेच टाकला आहे. मांजर डावीकडे तोंड करून बसले काय किंवा उजवीकडे, ते मांजरच असते. मानवी मेंदू डावे-उजवे बदलले तरी वस्तू तीच मानायला घडलेला आहे. लेखनाचा शोध अवघ्या पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा असल्याने वाचनासाठी मेंदूत स्वतंत्र केंद्र निसर्गतः तयार झालेले नाही. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेचाच एक भाग वाचनाच्या कामाला जुंपला जातो, असे स्तानिस्लास देहाने या फ्रेंच मेंदुशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. परिणामी अक्षरे उलटी काढणे हे या वयात स्वाभाविक असते. मराठी शाळेत याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ३ आणि ६. मूल पाटीवर 'तीन' म्हणत पेन्सिल टेकवते, वरचा अर्धगोल उजवीकडे वळवण्याऐवजी डावीकडे वळवते, आणि पाटीवर सहा उमटतो. ते पुन्हा पाहते आणि त्याला त्यात काही चुकलेले दिसत नाही. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जोड्यांतही मुलांचा असाच गोंधळ होतो. यावर ओरडण्याने काही साधत नाही. योग्य वळण पुन्हापुन्हा, मोठ्या आकारात, बोटाने गिरवण्याने ते सुधारते, आणि बहुतेक मुलांत ही अवस्था वर्ष-दोन वर्षांत आपोआप मागे पडते.

मोजणे आणि संख्या कळणे

गणितात या महिन्याचा विषय एक ते नऊ एवढाच असतो, आणि पालकांना तो सर्वांत सोपा वाटतो, कारण मूल घरी शंभरपर्यंत म्हणून दाखवत असते. परंतु अंक म्हणता येणे आणि संख्या कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलासमोर सात चिंचोके ठेवून ते मोजायला सांगितले तर ते 'एक, दोन, तीन' म्हणत सातपर्यंत जाते; पण 'मग किती झाले?' असे विचारताच 'सात' असे उत्तर देण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. शेवटी उच्चारलेला शब्द हा शेवटच्या चिंचोक्याचे नाव नसून सगळ्या चिंचोक्यांची मिळून संख्या आहे, हे त्याला अजून कळायचे असते. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली : प्रत्येक वस्तूला एकच शब्द देणे, शब्दांचा क्रम न बदलणे, शेवटच्या शब्दाने एकूण संख्या कळणे, कोणत्याही प्रकारच्या वस्तू मोजता येणे, आणि मोजणी कुठूनही सुरू केली तरी संख्या तीच राहणे. पहिलीतील मूल चिंचोके, खडे, मणी आणि काड्या हाताळत ही पाचही तत्त्वे हळूहळू आपलीशी करते. शून्याची ओळख त्यानंतर करून देतात, कारण 'काहीच नाही' यालाही एक चिन्ह असते ही कल्पना 'काहीतरी' पक्के झाल्यावरच पटते.

पुढच्या महिन्यांत मराठी संख्यानामांचा डोंगर समोर येतो. २३ लिहिताना दोन आधी येतो, म्हणताना मात्र 'तेवीस' मधला 'ते' म्हणजे तीन आधी येतो. २९ला 'एकोणतीस', म्हणजे तिसाला एक उणे, असे म्हणावे लागते; ५९ला एकोणसाठ, ८९ला एकोणनव्वद; आणि ही रीत अंगवळणी पडते न पडते तोच ९९ला 'नव्व्याण्णव' असे म्हणायचे असते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशा सुट्या वाचनाचा पर्याय देण्यात आला, तेव्हा मोठा वाद झाला. त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका मुलांच्या मनातील गणिताची भीती कमी व्हावी अशी होती. वादाचा निकाल कोणी कसाही लावो, मराठी मुलाला संख्या शिकताना भाषेचेही एक ओझे उचलावे लागते, हे त्या निमित्ताने सर्वांच्या समोर आले.

याच महिन्यात बहुधा आषाढी एकादशी येते. पैठणहून संत एकनाथांची पालखी पंढरपूरला गेलेली असते, वाळूज परिसरातील छोट्या पंढरपुरात भाविकांची रीघ लागते, आणि शाळाशाळांतून बालदिंड्या निघतात. जाणता शिक्षक या दिंडीतून गणित उभे करतो : ओळीत पहिला कोण, शेवटचा कोण, पताकावाल्याच्या मागे कितवा, टाळाच्या दोन ठोक्यांनंतर पाऊल पुन्हा कधी. क्रम, स्थान आणि आकृतिबंध, म्हणजे ठरावीक रीतीने पुन्हापुन्हा येणारी रचना, या गणिताच्या तीन मूलभूत कल्पना मूल इथे चालता चालता शिकते.

घरची भाषा, शाळेची भाषा

छत्रपती संभाजीनगरच्या पहिलीचे एक वैशिष्ट्य असे, की इथल्या मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा एक नाहीत. फळ्यावर आईचे चित्र काढून बाई 'आ - आई' म्हणतात, तेव्हा तांड्यावरून आलेल्या बंजारा मुलाच्या मनात 'याडी' हा शब्द असतो आणि शहराच्या जुन्या भागातील मुस्लिम कुटुंबातील मुलाच्या मनात 'अम्मी'. मराठी घरातील मूलही पुस्तकी मराठी घेऊन येत नाही. ते 'पाणी'ला 'पानी' म्हणते आणि 'काय करायलाय' असे मराठवाडी बोलते. मुलाची बोली ही चूक नसून त्याच्याजवळची पहिली शिदोरी आहे, आणि तिचा स्वीकार करून तिच्यातूनच प्रमाण मराठीकडे नेणारा वर्ग मुलाला बोलते ठेवतो. बोली हसण्यावारी नेणारा वर्ग त्याला गप्प करतो. गप्प झालेले मूल शिकत आहे की नाही, हे शिक्षकालाही कळेनासे होते. उर्दू माध्यमाच्या पहिलीत तर डोळ्यांची दिशाच बदलते : तिथे ओळ उजवीकडून डावीकडे जाते आणि अक्षर शब्दात कुठे येते त्यानुसार आपला आकार बदलते.

या शहराच्या इतिहासामुळे मातृभाषेतील पहिलीला वेगळे मोल आहे. १९४८पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. अशा काळात मराठी मुलांच्या शिक्षणाची सोय लोकांना स्वतःच्या प्रयत्नांनी उभी करावी लागली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९१५ साली स्थापन झालेले सरस्वती भुवन हे त्या प्रयत्नांचे ठळक उदाहरण होय. देवनागरीला मराठीत 'बाळबोध' असे नाव आहे, म्हणजे बाळालाही बोध होईल अशी लिपी; आरंभ करणे याला 'श्रीगणेशा' किंवा 'ओनामा' म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द मुलाने गिरवायच्या पहिल्या ओळीतून आले आहेत, 'ओनामा' तर 'ॐ नमः सिद्धम्' या वचनातून. ज्या भाषेत कोणत्याही कार्यारंभाला पहिलीतल्या पहिल्या धड्याचे नाव आहे, त्या भाषेने हा धडा किती मोलाचा मानला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पालकांसाठी

पहिलीत लेखी परीक्षेचा बाऊ नसतो. शिक्षक वर्षभर आकारिक मूल्यमापन करतो, म्हणजे मूल शिकत असतानाच त्याचे बोलणे, हाताळणे आणि प्रयत्न पाहून नोंदी ठेवतो. पालकांनाही तीच दृष्टी ठेवता येते. जुलैमध्ये मुलाला किती अक्षरे लिहिता येतात हे मोजण्यापेक्षा ते एखादी गोष्ट सलग सांगते का, 'का' आणि 'कसे' विचारते का, पाच वाट्यांत पाच चमचे घालते का, आणि सिटी बसमधून जाताना 'गुलमंडी' किंवा 'नारळीबाग' अशा पाटीवरील एखादे ओळखीचे अक्षर दाखवते का, हे पाहावे. त्यासाठी शिकवणी लागत नाही. घरातल्या भाषेत रोज एक गोष्ट, मूठभर चिंचोके आणि पंधरा मिनिटांचा निवांत वेळ एवढे पुरते. शेजारच्या मुलाशी तुलना करून आणि हात दुखेपर्यंत गिरवायला लावून या महिन्यात जे बिघडते, ते पुढे भरून काढायला वर्षे जातात. म्हणून पहिलीच्या पालकांनी जुलैतली कोरी वही काळजीने पाहू नये. मूल शाळेत आनंदाने जात असेल आणि घरी येऊन बोलत असेल, तर त्याचा श्रीगणेशा नीट झाला आहे.